पाण्यावरची खोती आणि जाळ्यावरची बंदी

मृगाचा पाऊस पडला की नद्यानाल्यांना पाणी येते आणि सरकारी कचेऱ्यांतून मासेमारीबंदीचे आदेश निघू लागतात. समुद्रातल्या बंदीची बातमी सगळीकडे छापून येते, कारण तिथे यांत्रिक नौका आहेत, बर्फाचे कारखाने आहेत, निर्यातदार आहेत. वैनगंगेच्या काठावर डोंगा बांधून ठेवणाऱ्या ढीवराची, बोडीत झिंगे धरणाऱ्या भूमिहीन बाईची बातमी कोणी छापत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ च्या नदी नियमांनुसार १६ जून ते १५ ऑगस्ट हा बंदीचा काळ ठरलेला आहे. त्या काळात मासा धरला, विकला किंवा वाहून नेला तर १९४८ च्या मत्स्य कायद्याखाली एक वर्षापर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जिल्हाधिकाऱ्याची सही होते, पत्रक निघते आणि दोन महिने कुटुंबाने काय खावे, हा प्रश्न त्या पत्रकात कुठेच नसतो.

आम्ही आरंभीच स्पष्ट करतो की आमचा बंदीला विरोध नाही. आमचा विरोध अर्धवट कायद्याला आहे. गोड्या पाण्यातल्या मासेमारीचे दोन प्रश्न आहेत. मासा केव्हा धरू नये, हा एक. पाणी कोणाचे, हा दुसरा. आपल्या देशात पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणारा कायदा सव्वाशे वर्षे झाली तरी जागा आहे, आणि दुसरा प्रश्न निघाला की तोच कायदा डोळे मिटून घेतो. चळवळीने या मिटलेल्या डोळ्यांकडे बोट दाखवले पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी बंदीविषयी. कटला, रोहू, मृगळ हे मोठे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. पहिल्या पावसात प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढणारे मासे, ज्यांना आपण चढणीचे मासे म्हणतो, ते अंडी घालण्यासाठीच चढत असतात. एका मादीच्या पोटातली अंडी लाखांच्या घरात असतात. ती मादी जून-जुलैत जाळ्यात सापडली की एका माशाबरोबर पुढच्या हंगामाचे पीकही गेले. तेव्हा त्या दोन महिन्यांत जाळे टाकू नये, यात मासेमाराचेच हित आहे. "आमच्या पोटावर पाय देता" एवढे म्हणून बंदी झुगारून द्या, असे सांगणारा पुढारी मासेमारांचा मित्र नव्हे.

पण सगळे पाणी एकसारखे नसते, हेही लक्षात घेतले पाहिजे. कटला-रोहू तलावाच्या साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांचे बीज केंद्रातून विकत आणून सोडावे लागते. उलट मरळ काठच्या गवतात घर करते आणि पिलांची राखण करते. पाऊस एखाद्या वर्षी लवकर येतो, एखाद्या वर्षी जुलै उजाडला तरी येत नाही. नदी, मोठा जलाशय, गावतलाव, बोडी या सर्वांना एकच तारीख लावणे म्हणजे सर्व रोग्यांना एकच गोळी देणे होय. मध्य प्रदेशच्या नियमांनाही हे मान्य आहे. नदीशी संबंध नसलेली आणि 'निर्दिष्ट जल' म्हणून जाहीर न झालेली लहान तळी तिथे बंदीतून वगळली आहेत. म्हणजे फरक करता येतो. तो कोणाला विचारून करायचा, एवढेच ठरायचे आहे. पाणी रोज पाहणाऱ्याला विचारायचे की जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या अधिकाऱ्याला?

या कायद्याची मुळे कुठे आहेत ते पाहू. १८७३ साली फ्रान्सिस डे या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थान व ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्यातील मासे आणि मासेमारी यांवर अहवाल लिहिला. लहान डोळ्याची जाळी, विष, बांध घालून केलेली मासेमारी यांमुळे मासा संपत चालला आहे, अशी त्याची तक्रार होती. पुढे १८९७ साली भारतीय मत्स्य अधिनियम आला. हा कायदा अवघ्या सात कलमांचा आहे. कलम ४ स्फोटकाने मासे मारण्याविरुद्ध, कलम ५ विष कालवण्याविरुद्ध. कलम ६ ने सरकारला नियम करण्याचा अधिकार दिला. जाळ्याचा प्रकार आणि त्याच्या डोळ्याचे माप ठरवणे, बांध घालण्यास मनाई करणे, एखाद्या पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी संपूर्ण बंद ठेवणे हे सर्व त्यात आले. कलम ७ ने वॉरंटाशिवाय अटकेची सोय करून ठेवली. राज्यघटनेने मत्स्यव्यवसाय हा विषय राज्य सूचीत, २१ व्या नोंदीत ठेवला. राज्यांनी आपापले कायदे केले, महाराष्ट्राने १९६० साली केला. कलमांचे क्रमांक बदलले, दंडाचे आकडे बदलले. सरकार मना करणार, मासेमार पाळणार आणि न पाळल्यास पोलीस येणार, ही मूळ रीत मात्र तशीच राहिली.

आता या १८९७ च्या कायद्यातली एक ओळ आम्ही वाचकांपुढे ठेवतो. वकिली करताना ती अनेकदा वाचली आणि दरवेळी आम्हाला महाड आठवले. कलम ६ सांगते की सरकारचे हे नियम 'खाजगी पाणी' सोडून इतर पाण्यांना लागू होतील. खाजगी पाण्याला ते लावायचे असतील तर मालकाची लेखी संमती पाहिजे, शिवाय त्या पाण्यात मासेमारीचा अनन्य हक्क असणाऱ्या प्रत्येकाचीही लेखी संमती पाहिजे. मालकाला विचारल्याशिवाय त्याच्या तळ्यावर सरकार बंदी घालू शकत नव्हते. मग नदीवर पिढ्यानपिढ्या पोट भरणाऱ्या, कागद नसलेल्या माणसाची संमती? तिचा कायद्यात उल्लेखही नाही. मालकाच्या माशाला संरक्षण हवे की नको ते मालक ठरवणार, आणि गरिबाच्या जाळ्याला बंदी हवी की नको ते सरकार ठरवणार, असा हा न्याय आहे.

खाजगी पाणी आणि सार्वजनिक पाणी हा भेद आपल्या चळवळीला नवा नाही. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव आणला, महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी कोर्टात काय सांगितले? हे तळे खाजगी आहे, आमचे आहे, असे सांगितले! मनाईहुकूम आणला आणि दावा दहा वर्षे लढवला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला आणि तो दावा कायमचा कोसळला. पाण्यावर हक्क सांगणारा जेव्हा 'खाजगी' हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याच्यामागे काय दडलेले असते, हे महाडच्या वारसांना वेगळे सांगायला नको.

त्याच १९३७ सालच्या १७ सप्टेंबरला, म्हणजे बरोबर सहा महिन्यांनी, बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये बसून दोघांकडून खाणारा मधला माणूस म्हणजे खोत. पुढे १९४९ च्या कायद्याने कोकणातली खोती गेली. जमिनीवरची खोती गेली, पाण्यावरची मात्र आजही जिवंत आहे. तिचे नाव तेवढे बदलले आहे. कुठे तिला पाणीदारी म्हणतात, कुठे ठेका.

पाणीदारी कशी असते ते बिहारने पाहिले आहे. भागलपूर जिल्ह्यात सुलतानगंज ते पीरपैंती असा सुमारे ८० किलोमीटरचा गंगेचा पट्टा दोन जमीनदारांच्या ताब्यात होता. बिहारमध्ये जमीनदारी १९५० नंतर कायद्याने गेली, पण वाहत्या गंगेवरची जमीनदारी तीन दशकांनंतरही चालूच होती. मल्लाहाने जाळे टाकायचे तर जमीनदाराच्या माणसाला पैसे मोजायचे, नाहीतर मार खायचा. १९८२ साली कहलगावच्या कागजी टोल्यात गंगा मुक्ती आंदोलन उभे राहिले. मल्लाह, निषाद, बिंद अशा जातींचे स्त्री-पुरुष बोटींतून यात्रा काढून गावोगाव फिरले. 'कर देणार नाही' एवढीच त्यांची भाषा होती. जवळपास दहा वर्षांच्या लढ्यानंतर १९९१ साली बिहार सरकारने नद्यांतील पारंपरिक मासेमारांची मासेमारी करमुक्त केली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण त्याच सुमारास, १९९१ साली, सुलतानगंज ते कहलगाव या पट्ट्यात गांगेय डॉल्फिनसाठी विक्रमशिला अभयारण्य जाहीर झाले. डॉल्फिन वाचला पाहिजे, यात शंका नाही. परंतु जमीनदाराच्या हातून सुटलेली नदी मासेमाराच्या हाती पुरती येण्याआधीच वनखात्याच्या नियमाखाली गेली, हेही खरे आहे. जमीनदार असताना जमीनदाराला विचारायचे आणि तो गेला की वनरक्षकाला. स्वतःच्या हक्काने जाळे टाकण्याची वेळ मासेमारावर येऊच नये, अशी जणू या देशात व्यवस्था आहे.

आता आपल्या विदर्भात येऊ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो माजी मालगुजारी तलाव आहेत. सारे त्यांना मामा तलाव म्हणतात. हा भाग तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. तिथल्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. गावाला निस्तार हक्क होते, ढीवराला मासेमारीची वहिवाट होती. मालगुजार गेल्यावर तलाव गावाचा व्हायला हवा होता, तो खात्याचा झाला. पाण्याचा हिशेब एका खात्याकडे, माशाचा दुसऱ्याकडे. मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेला द्यायचा हे धोरण चांगले होते, आणि काही ठिकाणी संस्था खरोखर चांगल्या चालतात. भंडारा-गोंदियात तर ढीवर बायाबापड्यांनी तलावातली बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, तेव्हा हरवलेले देशी मासे परत दिसू लागले. हे काम कोणत्याही बंदी-आदेशाने झालेले नाही. ज्याला तलाव आपला वाटला त्याने ते केले.

पण अनेक ठिकाणचे चित्र वेगळे आहे. संस्था कागदावर मासेमारांची असते आणि भांडवल व्यापाऱ्याचे. बीज तो सोडतो, ठेक्याची रक्कम तो भरतो, भाव तो ठरवतो. सभासद आपल्याच तलावात मजूर म्हणून जाळे ओढतो आणि किलोमागे मजुरी घेऊन घरी जातो. जलाशय जेवढा मोठा तेवढी बोली मोठी, आणि बोली बोलण्याची ऐपत ज्याची, पाणी त्याचे. सरकारला रक्कम मिळाली की काम झाले. ठेकेदाराला मुदतीत पैसा वसूल करायचा असतो. पाच वर्षांनी हे पाणी आपले असेल की नाही हे ज्याला माहीत नाही तो लहान मासा सोडून देईल कशाला? तेव्हा बंदी मोडण्याची पहिली गरज गरिबाला नसून ठेक्याच्या मुदतीला असते. पकडला जातो मात्र काठावरचा गळवाला!

कोणी म्हणेल, मग कोर्टात जा. जरूर जावे, पण कागद घेऊन जावे लागते. ओडिशातल्या चिलिका सरोवराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५५ सालीच सांगून ठेवले आहे की दुसऱ्याच्या पाण्यातून मासे धरून नेण्याचा हक्क ही स्थावर मालमत्ता आहे, आणि नोंदणीकृत दस्त नसेल तर असा हक्क विकत घेतला असे म्हणता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण त्याचा परिणाम पाहा. ज्याच्याकडे नोंदलेला करार, त्याच्याकडे मालमत्ता. ज्याच्याकडे आजोबा-पणजोबांपासूनची वहिवाट पण कागद नाही, त्याच्याकडे काहीच नाही. लिहिण्यावाचण्याचा हक्क ज्यांना शतकानुशतके नाकारला त्यांच्याकडे आज कागद मागितला जातो, ही या व्यवस्थेची हुशारी आहे.

विषाचे कलम तर वाचण्यासारखे आहे. कलम ५ प्रमाणे मासे धरण्याच्या किंवा मारण्याच्या 'हेतूने' पाण्यात विष टाकले तर गुन्हा. डोहात झाडपाला ठेचून टाकणारा आदिवासी या कलमात अलगद सापडतो. कारखान्याचे रसायन सोडणारा सापडत नाही, कारण त्याचा हेतू मासे मारण्याचा नसतो, फक्त पैसे वाचवण्याचा असतो! नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तिथून वैनगंगेला, म्हणजे गोसीखुर्दच्या जलाशयाला मिळते. मासेमार ओरडतात, जलपर्णी वाढते, पण मत्स्य कायद्याखाली शहरावर खटला भरल्याचे कोणी ऐकले आहे काय? प्रदूषणासाठी १९७४ चा वेगळा कायदा आहे. पण २०२४ साली संसदेने त्यात दुरुस्ती करून अनेक कसुरांची कैद काढून टाकली आणि त्या जागी १० हजार ते १५ लाख रुपये दंड ठेवला. हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांपासून त्याची सुरुवात झाली. दूषित पाणी सोडणाऱ्याच्या डोक्यावरची कैद हलकी होते आणि बंदीच्या काळात टोपलीभर मासा विकणाऱ्याच्या डोक्यावरची तशीच राहते. कायद्यासमोर समानता म्हणतात ती हीच काय?

याउलट, हक्क आणि संरक्षण एकत्र नांदू शकतात याचेही दाखले आहेत. पेंचच्या तोतलाडोह जलाशयात मासेमारीसाठी मध्य प्रदेशने ३०५ परवाने दिले. ते राष्ट्रीय उद्यानाच्या क्षेत्रात पूर्वी राहिलेल्या आदिवासींना दिलेले होते. त्याविरुद्ध पर्यावरणवादी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९७ साली न्यायालयाने परवाने रद्द करण्यास नकार दिला. छायाचित्र असलेले परवाने, ठरलेली वाट, काठावर चूल पेटवण्यास मनाई, रोजच्या माशांची नोंद अशा अटी घातल्या आणि जंगल जपताना तिथल्या मूळ माणसाच्या जगण्याचाही विचार केला पाहिजे, अशी भूमिका घेतली. नागपूरपासून फार दूर नसलेल्या पाण्याचा हा निकाल आहे. तो आपल्या कार्यकर्त्यांच्या पिशवीत असायला हवा.

दुसरा दाखला तवा धरणाचा. होशंगाबाद जिल्ह्यात (आताचा नर्मदापुरम) या धरणाने ४४ गावे उठवली. विस्थापित आदिवासींनी लढून १९९६ साली जलाशयाचा मासेमारी हक्क आपल्या सहकारी संघाकडे, तवा मत्स्य संघाकडे घेतला. बीज सोडणे, बंदीचा काळ पाळणे, चोरटी मासेमारी रोखणे ही कामे संघ स्वतः करीत असे. दहा वर्षे हे चालले. डिसेंबर २००६ मध्ये ठेक्याची मुदत संपली आणि व्याघ्र प्रकल्पाचे कारण पुढे करून सरकारने नूतनीकरण केले नाही. ज्यांनी बंदी सर्वांत चांगली पाळली त्यांच्याच वाट्याला कायमची बंदी आली.

आणि बंदीच्या काळातली भरपाई? २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत तशी तरतूद आहे, समुद्रातल्या आणि गोड्या पाण्यातल्या दोन्ही मासेमारांसाठी. बंदीच्या किंवा मंदीच्या तीन महिन्यांसाठी ४५०० रुपये. त्यातले १५०० रुपये मासेमाराने स्वतः आधी भरायचे, सरकारचे ३०००. महिन्याला १५०० रुपये, म्हणजे दिवसाला ५० रुपये, आणि तेही त्यातला तिसरा हिस्सा स्वतःच्याच खिशातला! पाच माणसांच्या घरात माणशी १० रुपये रोज येतात. १९८५ साली ओल्गा टेलिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या हक्काची किंमत ५० रुपये लावणारे सरकार बंदी पाळा म्हणून सांगते तेव्हा त्याच्या बोलण्याला नैतिक वजन कुठून येणार? एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. स्वागतच आहे. पण वीजदर आणि कर्जाची सवलत ज्याच्या नावावर ठेका आहे त्याला मिळणार. ज्याच्या हातात फक्त जाळे आहे त्याला काय मिळणार, हे विचारण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

आता आमचेच काही वाचक दोन आक्षेप घेतील. पहिला असा की हा ढीवर-भोयांचा प्रश्न आहे, आपला काय संबंध? संबंध आहे. पूर्व विदर्भातले भूमिहीन बौद्ध कुटुंबही पावसाळ्यात बांध्यांतून, नाल्यांतून मासा धरून चटणी-भाकरीला जोड देते. ठेकेदाराचा राखणदार त्यालाही हाकलतो. ढीवराला आणि बौद्धाला एकमेकांविरुद्ध उभे करणे ठेकेदाराला फार सोपे जाते. तलावाचा ठेका हा ढीवरांचा जुना, न्याय्य हक्क आहे. तो आपण हिरावून घ्यायचा नाही. त्याच्या पाठीशी उभे राहायचे आणि घरच्या चुलीपुरत्या मासेमारीचा गावातल्या सर्व गरिबांचा निस्तार राखून घ्यायचा. दोघांमध्ये हा समझोता गावात बसून होऊ शकतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बाबासाहेबांनी जातीचे धंदे सोडा म्हणून सांगितले, आणि तुम्ही जातीच्या धंद्याचे समर्थन करता? आमचे उत्तर असे की बाबासाहेबांनी जन्माने लादलेल्या, अपमानाने भरलेल्या कामाविरुद्ध बंड पुकारले. साधनसंपत्तीवरचा हक्क सोडून द्या, असे त्यांनी कधीही सांगितले नाही. उलट महार वतनाविरुद्ध लढतानाच त्यांनी भूमिहीनांना जमीन मागितली. ढीवराच्या मुलाने वकील व्हावे, अभियंता व्हावे. त्याने जाळेच ओढले पाहिजे असे म्हणणारा मनुवादी. पण तो शिकायला गेला म्हणून तलाव व्यापाऱ्याला देऊन टाका, असे म्हणणाराही त्याच पंगतीतला. जातीची सक्ती जावी आणि पाण्यावरचा हक्क राहावा, या दोन्ही गोष्टी आपण एकाच वेळी मागितल्या पाहिजेत.

मग करायचे काय? घोषणा पुरे, कागद हाती घ्या. पहिले, तहसिलातून आपल्या गावाचे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला काढा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६५ प्रमाणे सरकारी नसलेल्या जमिनीतल्या व पाण्यातल्या गावच्या वहिवाटी, त्यांत मासेमारीची वहिवाटसुद्धा, वाजिब-उल-अर्जात नोंदवायची असते. आज्याचा कागद नाही म्हणणाऱ्याला सरकारच्याच दप्तरातला कागद दाखवा.

दुसरे, वनहक्क कायदा २००६ मधल्या कलम ३(१)(घ) मध्ये पाण्यातले मासे आणि इतर उत्पन्न यांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत दिला आहे. त्यातल्या वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानेही येतात. आदिवासींबरोबर इतर पारंपरिक वननिवासींनाही तो मिळतो. मात्र आपल्याकडे ढीवर भटक्या जमातींत मोडतात, अनुसूचित जमातींत नाहीत. त्यामुळे त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. एकट्यादुकट्याने हा पुरावा जमत नाही. गावाने मिळून गॅझेटियर, जमाबंदीचे अहवाल, वृद्धांचे जबाब गोळा करून ग्रामसभेपुढे सामूहिक दावा टाकावा.

तिसरे, अनुसूचित क्षेत्रातल्या गावांनी १९९६ चा पेसा कायदा काढावा. लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवा असे कलम ४ सांगते, आणि महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले आहेत. बंदी कोणत्या तलावाला, कधीपासून, जाळ्याचा डोळा केवढा, हे ग्रामसभेने ठराव करून ठरवावे आणि तो ठराव खात्याला पाठवावा.

चौथे, मत्स्य सहकारी संस्थेत खऱ्या मासेमाराला, विशेषतः मासे विकणाऱ्या बाईला, सभासदत्व मिळवून द्या. सहकारी संस्था कायद्याचे कलम २२ व २३ हे पात्र माणसासाठी दार उघडे ठेवणारे आहे. नाकारले तर निबंधकाकडे अपील करता येते. पाचवे, बंदीच्या काळातला निर्वाहभत्ता स्वतःच्या वर्गणीशिवाय आणि निदान किमान वेतनाच्या दराने मिळावा, ही मागणी प्रत्येक तालुक्याच्या मोर्चात पहिल्या क्रमांकावर असावी.

अनुच्छेद ३९(ख) सांगतो की समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण सर्वांच्या हिताला उपयोगी पडेल असे वाटले जावे. तलाव आणि नदी ही साधनसंपत्ती नाही तर दुसरे काय? मासा अंडी घालतो तेव्हा त्याला दोन महिने सोडावे, हे ढीवराला सांगायला १८९७ चा कायदा लागत नाही, ते त्याला आजोबाने शिकवले आहे. पुढच्या वर्षीही याच पाण्यावर आपला हक्क असेल, याची खात्री त्याला कोणी दिलेली नाही. ती खात्री मिळवणे हे आता चळवळीचे काम आहे. या पावसाळ्यात बंदीचा आदेश गावच्या फलकावर लागेल तेव्हा त्याखाली ग्रामसभेचा ठरावही लागला पाहिजे. तो लिहिण्यासाठी आपल्यातल्या शिकलेल्यांनी गावात जाऊन बसावे.